फळ्यावरचा संकल्प

परवा एक जानेवारीला माझ्या नातीनं फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला. वर ठळक अक्षरात ‘नवीन वर्षाचे संकल्प’, खाली घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे तीन-तीन ओळी. तिच्या आईनं लिहिलं, साखर बंद. माझ्या मुलानं लिहिलं, रोज पाच किलोमीटर चालणार. माझ्या नावापुढच्या ओळी मी रिकाम्या ठेवल्या तर नात म्हणाली, “आजी, काहीतरी लिही ना. सगळ्यांनी लिहिलंय.” हे ‘सगळ्यांनी लिहिलंय’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. मला नाही लिहायचं, असं मी तिला सांगितलं, आणि जरा जास्तच जोरात सांगितलं. पोर हिरमुसली. तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती छप्पन सालातली होती.

लालबागला आमची चाळ तीन मजली, एकेका मजल्यावर वीस-वीस खोल्या. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, घरचे पुरुष गिरणीत. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, पहिल्या पाळीला. घरात आई, बाबा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई आणि मी. चाळीच्या जिन्याखाली, चौकाकडच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. आधी त्यावर गणपतीच्या वर्गणीची नाहीतर पाणी न येण्याची सूचना असायची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तशी सभा कुठं आहे, मोर्चा किती वाजता निघणार, कोणाला पकडलं, हे रोज त्यावर यायला लागलं. ते लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण चाळीत माझ्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. चौदा वर्षांची होते. माणसं पाळीवर जाताना थांबून फळा वाचायची आणि मी वर गॅलरीत उभी राहून त्यांना वाचताना बघायची. मला माझ्या अक्षराचा माज होता, असं म्हटलं तरी चालेल.

चाळ कमिटीचे सेक्रेटरी एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. माणूस प्रामाणिक आणि धडपड्या, पण चार माणसं दिसली की त्यांना रांगेत उभं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या वर्षी जानेवारीच्या गोळीबारात तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरातला मुलगा गेला. वीस वर्षांचा होता. मोर्च्यात नव्हता की काही नव्हता, पाळी सुटून घरी येत होता. त्यानंतर चाळीत दोन महिने रेडिओसुद्धा कोणी मोठ्यानं लावला नाही. पाडवा आला तेव्हा कमिटीनं ठरवलं, यंदा लेझीम नको, वाजंत्री नको. सगळ्या चाळीची मिळून चौकात एकच गुढी उभारायची आणि प्रत्येक घरानं चळवळीसाठी एक संकल्प सोडायचा. तो सगळ्यांसमोर बोलायचा, आणि लगेच फळ्यावर लिहायचा. सेक्रेटरी आठ दिवस आधीपासून मजल्यामजल्यावर फिरून विचारत होते, “तुमचा संकल्प ठरला का? सगळ्यांचे ठरलेत.”

आता मनातलं काही ठरवायला माणसाला निवांतपणा लागतो. इथं रांग होती. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा घास खाऊन झाला आणि एकेक घराचा पुरुष पुढे यायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सुपारी सोडली. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. एकानं दाढी सोडली, म्हणजे करणार नाही म्हणाला. एकानं हॉटेलातला चहा सोडला, घरातला चालू ठेवला. एक शिक्षक होते, त्यांनी इंग्रजी शब्द तोंडातून काढणार नाही असं जाहीर केलं आणि टाळ्या थांबायच्या आत सेक्रेटरींना ‘थँक यू’ म्हणाले. प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट एकच, ‘संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत’. तेवढं आलं की टाळ्या. मी रंगीत खडूंनी लिहीत होते, घराचा नंबर पिवळ्यानं आणि संकल्प पांढऱ्यानं.

ताईचं लग्न त्या वर्षी ठरल्यातच जमा होतं. मुलगा प्रभादेवीचा, गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होता. बघायला आला तेव्हा पाणी मागितलं, प्यायला, आणि रिकामा पेला ताईच्या हातात न देता स्वतःच मोरीत नेऊन विसळून पालथा घातला. ताई आतल्या दारामागून हे बघून जी हसली ती पुढं दोन दिवस हसतच होती. त्यालाही ती आवडली होती. वैशाखात उरकायचं असं आधी चाललं होतं. पण कोपऱ्यातल्या घरावर असा घाला पडलेला, त्यामुळं दोन्ही घरांनी समजुतीनं ठरवलं की आता घाई नको, दिवाळी जाऊ दे, तुळशीचं लग्न झालं की लगेच हे. त्याच्या आईला दम्याचा त्रास होता, तिला सून लवकर घरात यायला हवी होती. तरी तिनं दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं.

बाबांची पाळी आली तेव्हा त्यांनी काही ठरवलेलंच नव्हतं. ते मुळात चारचौघांत बोलणारे नव्हते. टोपी सारखी करत ते म्हणाले, “आमच्याकडे थोरलीचं कार्य होतं यंदा. पण कोपऱ्यातल्या घरात असं झालेलं असताना आम्ही वाजंत्री लावणं बरं दिसत नाही. दिवाळीपर्यंत आमच्या घरात कार्य होणार नाही.” इतकंच. चार माणसांनी माना हलवल्या. टाळी कोणीच वाजवली नाही, कारण वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या सगळ्या सकाळीत मनापासून बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं. शेजाऱ्याच्या दुःखाचा मान राखणारं, आणि पाळता येईल असं.

पण मी फळ्यासमोर खडू घेऊन उभी होते, आणि मला शरम वाटली. सुपारीवाले आजोबा संयुक्त महाराष्ट्रापर्यंत, दाढीवाला संयुक्त महाराष्ट्रापर्यंत, आणि आमचं घर फक्त दिवाळीपर्यंत. माझ्या सुंदर फळ्यावर आमचीच ओळ मिळमिळीत दिसणार होती. मी फार विचारही केला नाही. लिहिलं, ‘संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत या घरात लग्नकार्य होणार नाही.’ खाली लाल खडूनं एक रेघ ओढली, जी बाकी कोणाच्या संकल्पाखाली नव्हती.

सेक्रेटरींनी ते मोठ्यानं वाचलं. आणि ज्या टाळ्या पडल्या, तशा त्या दिवशी कोणालाच पडल्या नव्हत्या. कोणीतरी घोषणा दिली, सगळ्यांनी ती उचलली. बाबांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी लोकांना हात जोडले आणि मागे जाऊन उभे राहिले.

आई त्या वेळी चाळीमागच्या नळावर पाण्याला गेली होती. नळ नेमका तेवढाच वेळ यायचा आणि पाडवा असो की शिमगा, नळ कोणासाठी थांबत नसे. ती हंडा घेऊन वर आली ती शेजारणींनी तिला थांबवून सांगितलं की तुझ्या घरवाल्यानं आज चाळीची मान उंच केली. ती घरात आली, हंडा उतरवला आणि बाबांना म्हणाली, “दिवाळीचा ठरलेला ना?”

“आता फळ्यार लिवलेला आसा,” बाबा म्हणाले. “पुसूचा कसा?”

हे ‘पुसूचा कसा’ मला अजून समजत नाही. फडकं ओलं करायचं आणि पुसायचं. खडूच होता तो. पण फडकं ना बाबांनी उचललं, ना मी. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार वाईटही वाटत नव्हतं. राज्य महिन्या-दोन महिन्यांत होणार असंच सगळे धरून चालले होते. गिरणीत तेच, भाजीबाजारात तेच. मला वाटलं, दिवाळीच्या आतच होईल, मग लिहिलेलं काय आणि बोललेलं काय, सारखंच.

दिवाळी आली आणि तिच्याबरोबर द्वैभाषिक राज्य आलं. मुंबई गुजरातेसकट एकत्र ठेवली. लोकांनी कंदीलसुद्धा धड लावले नाहीत. तुळशीचं लग्न झालं तसा प्रभादेवीहून निरोप आला की आता मुहूर्त बघू या. बाबा स्वतः गेले आणि सांगून आले की थोडं थांबा. किती थांबा, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. ते तिथून परत आले तेव्हा मी ताईकडे बघितलं नाही. मी गणिताचं पुस्तक उघडून बसले आणि गणितं चुकवत राहिले.

मधल्या काळात तो अधूनमधून दिसायचा. लालबागवरून मोर्चा जायचा तेव्हा त्यात असायचा, मान वर करून आमच्या मजल्याकडे बघायचा. ताई गॅलरीत असायची. तेवढंच. दोघंही चळवळीचीच माणसं होती, हे लक्षात घ्या. ज्या गोष्टीसाठी तो घसा कोरडा करत होता, तिच्याच नावानं त्याचं लग्न अडवलेलं होतं.

सत्तावन सालचा पाडवा आला. सेक्रेटरींनी ठरवलं होतं की संकल्पाचा फळा पुसायचा नाही, रोजच्या बातम्यांसाठी दुसरा आणला होता. वर्षभरात खडू उडून अक्षरं पुसट झाली होती. ते मला म्हणाले, “बाळ, सगळं पुन्हा गिरवून घे. नव्या वर्षाला ताजं दिसू दे.” मी ओळीनं गिरवत गेले. सुपारी गिरवली, दाढी गिरवली. दाढीवाला मधेच गावाला जाऊन भावाच्या लग्नात गुळगुळीत होऊन आला होता आणि खुंट वाढेपर्यंत तिथंच राहिला होता, हे सगळ्या चाळीला माहीत होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही. मग आमची ओळ आली. आजूबाजूला कोणी नव्हतं. ‘संयुक्त महाराष्ट्र’ पुसून तिथं ‘दिवाळी’ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की बाबा हेच म्हणाले होते. मी उभी राहिले, आणि मग तीच अक्षरं त्याच वळणानं गिरवली. पहिल्यांदा लिहिलं तो पोरपणा होता. हे दुसऱ्यांदा लिहिलेलं मात्र मी स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी तो स्वतः आमच्याकडे आला. असं मुलानं स्वतः येणं तेव्हा रीतीला धरून नव्हतं. बाबांनी त्याला गॅलरीत खुर्ची दिली, तो बसला नाही.

“बाबा, आईची तब्येत बरी नाही,” तो म्हणाला. “वाजंत्री नको, मांडव नको. दोन हार आणि रजिस्टरात सह्या. कोणाला कळणारही नाही.”

“लग्न ते लग्नच,” बाबा म्हणाले. “शब्द दिलेला आहे.”

“तो शब्द तुम्ही मला विचारून दिला नव्हता. हिलाही विचारून नव्हता दिला.” त्यानं ताईकडे हात केला, पण तिचं नाव घेतलं नाही.

मी दाराच्या चौकटीत होते. माझ्या जिभेवर सगळं आलेलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते यांनी नाही दिलं, मी लिहिलं. पण मग चाळीत काय म्हणतील, सेक्रेटरी काय म्हणतील, फळ्याचं काम काढून घेतील, असलं काहीबाही डोक्यात आलं. सोळाव्या वर्षाला टेकलेल्या मुलीला फळ्याचं काम बहिणीच्या लग्नाहून मोठं वाटलं, हे लिहिताना आजही माझा मलाच संताप येतो.

तो गेला. पण गॅलरीत बोलणं झालेलं, म्हणजे ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलंच. संध्याकाळी कोपऱ्यातल्या घरातली काकी खाली उतरली. मुलगा गेल्यापासून ती कोणाच्या दारात गेली नव्हती. आमच्या उंबऱ्यात उभी राहून बाबांना म्हणाली, “भावजी, माझो झील गेलो तो तुमच्या चेडवाचा लगीन थांबवूक नाय गेलो. लगीन करा. अक्षता टाकूक मी येतंय.”

यानंतर काही बोलण्यासारखं उरत नाही. ज्या घरासाठी म्हणून थांबलो होतो, त्या घरानं येऊन सोडवलं होतं. आईनं डोळ्याला पदर लावला. ताई पाट मांडत होती, ती तशीच वाकलेली राहिली. आणि माझ्या वडिलांनी काय करावं? ते सदरा चढवून खाली सेक्रेटरींना विचारायला गेले.

सेक्रेटरींनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. ते म्हणाले, हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही, कमिटीपुढे ठेवू. आज तुम्हाला मोकळीक दिली तर उद्या दाढीवाला वस्तरा घेऊन बसेल. पुढच्या रविवारी कमिटी बसली. अकरा पुरुष दीड तास माझ्या बहिणीच्या लग्नावर बोलले आणि ‘पुढील बैठकीत विचार करावा’ असं ठरवून उठले. पुढची बैठक गणपतीच्या सुमाराला झाली, तेव्हा विषय वर्गणीचा होता. मला त्या अकरा जणांचा राग आहे, त्यातले बहुतेक भले होते तरीही आहे. पण बाबांचा जास्त आहे. ते बैठकीत एका शब्दानंही बोलले नाहीत, असं मला नंतर कळलं.

त्या पहिल्या बैठकीनंतर दहाएक दिवसांनीच प्रभादेवीहून त्याच्या मावशीनं येऊन सांगितलं की मुलाचं गावाकडे ठरवलंय, आईला आता थांबणं होत नाही. पावसाच्या तोंडावर तिकडेच लग्न लागलं. त्याचा मला राग नाही. त्यानं वर्षभर वाट बघितली होती. ताईनं त्या दिवशी नेहमीसारख्या भाकऱ्या केल्या. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाली, “तुझ्या करपतात गो.”

पुढं ती परळला एका बालवाडीत शिकवायला लागली. अठ्ठावन सालच्या पाडव्याला कमिटीनं पुन्हा संकल्प मागितले, नवे, जुन्यांच्या भरीला. सेक्रेटरी आमच्या दारात आले आणि या वेळी मुद्दाम ताईला म्हणाले, तू आता कमावती आहेस, तुझा स्वतंत्र संकल्प सांग. ताई म्हणाली, “माझा काही नाही.” ते म्हणाले, सगळ्यांचे आहेत. ती म्हणाली, “असू देत.” इतक्या सरळ आवाजात की ते खरंच पुढच्या दाराकडे वळले.

मग आम्ही दोघी खिडकीत आमची घरची छोटी गुढी बांधत होतो. गाठी अडकवता अडकवता ती हळूच मला म्हणाली, “मला यंदा एकदा चौपाटीवर एकटीनं तासभर बसायचंय. कोणी सोबत नको.”

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“हा काही संकल्प नाही. नुसतं मनात आलंय. झालं तर झालं. नाही झालं तर मला कोणाला हिशेब द्यायचा नाही.”

ते त्या वर्षी झालं. श्रावणात एका दुपारी ती गिरगावला गेली, बसली आणि परत आली. मला विचारायचा धीर झाला नाही की छापखान्यावरून गेलीस का. पुढच्या पाडव्याला, गुढीला तांब्या पालथा घालताना, ती म्हणाली, “यंदा मला प्रभादेवीच्या त्या गल्लीतून सरळ चालत जाता यावं. वर खिडकीकडे न बघता.” ते त्या वर्षी झालं नाही. तिनंच मला दिवाळीच्या सुमाराला सांगितलं, नाही गं जमलं, आणि हसली. त्यावर कोणी बैठक घेतली नाही, कोणी गिरवलं नाही. मी मात्र खाली जाऊन दर वर्षी तो फळा गिरवतच होते.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. कोपऱ्यातल्या घरापुढे सगळ्यांनी आधी दिवा लावला आणि मग आपापल्या दारात. आनंद खरा होता. मलाही झाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सेक्रेटरींनी मला फळा पुसायला सांगितला. मी ओल्या फडक्यानं पुसला, आणि वर आले तेव्हा बाबा शिवाजी पार्कावरून नुकतेच परतले होते. कपाळाला गुलाल होता, हातात पेढ्यांचा पुडा. आई शेगडीपाशी होती. ताई मेथी निवडत होती.

“झाला एकदाचा,” बाबा म्हणाले. “आता मोकळा झालो. उद्यापासून थोरलीसाठी स्थळं बघायला लागतो.”

ताईनं मान वर केली नाही. “नको बाबा.”

“नको म्हणजे?”

“म्हणजे माझ्यासाठी आता काही ठरवू नका. मला वाटलं तर मी सांगेन.”

तिला पुढं कधी वाटलं नाही. मुलांच्यात रमली, असं लोक म्हणायचे. मला ते वाक्य अजिबात आवडत नाही. पण त्या संध्याकाळी बाबांना तिचं ‘नको’ लागलं. ते पुडा हातात धरूनच म्हणाले, “मी काय मुद्दाम केलं? शब्द दिला होता चारचौघांत.”

चार वर्षं जे घशात अडकलेलं होतं ते तेव्हा बाहेर पडलं. “तुम्ही नव्हता दिला,” मी म्हटलं. “तुम्ही दिवाळीपर्यंत म्हणाला होतात. संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत, हे मी लिहिलं. माझ्या मनानं लिहिलं.”

आईचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बाबांकडे. “आणि तुमका ह्या म्हायत होता?”

बाबा खाटेवर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव कधी कोणापुढे काढलं नव्हतं, आईपुढे नाही, त्या मुलापुढे नाही, कमिटीपुढे नाही. मला वाटत आलं होतं की मला वाचवण्यासाठी. आता ते म्हणाले, “म्हायत होता. पण वाचल्यार माका ता बरा वाटला. मी बोललंय त्याका कोणी टाळी वाजवूक नाय. ह्येका सगळ्यांनी वाजयली.”

मी ताईकडे वळले. तिनं मला मारावं, ओरडावं, काहीतरी करावं असं मला फार वाटत होतं. ती मेथीची काडी मोडत म्हणाली, “मला तेव्हापासून माहीत होतं. मी तिथंच होते, तुझ्या मागं. तुझी लाल रेघ ओढून झाली आणि मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

मग आई उठली, हात पुसले आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाली, “म्हणजे माझ्या चेडवाचा लगीन मोडला, तेव्हा तुम्ही तिघांय टाळ्ये वाजयत होतात. आणि मी खाली नळार पाणी भरत होतंय.”